मांडीचा नियम

"आन् लागलं का न्हाई, हे कोन ठरवनार?"

"पंच, सर."

"ज्याला लागलं त्यो न्हाई?"

"नाही. सगळा घोळ तिथंच तर होतो."

गुरव सरांनी मफलर कानावरून जरा सैल केला आणि कपातला उरलेला चहा संपवला. बोलले काहीच नाहीत. ही त्यांची जुनी खोड. शाळेत कवायत घेतानासुद्धा ते शिट्टी तोंडात धरून नुसते उभे राहायचे आणि पोरं आपोआप रांगेत यायची.

विश्वजित इंगवले आता काही पोरगा राहिला नव्हता. कपाळावरचे केस मागं सरकले होते, पोट पुढं आलं होतं, गावात चार माणसं त्याला विचारून कामं करायची. तरी तो चुळबुळला, आणि मांडीवरचं पुस्तक त्यानं सरांपुढं धरलं.

नियमांचं पुस्तक होतं. वर्षभर खपून लिहिलेलं, छापून घेतलेलं, वर चकचकीत कव्हर. त्यावर सरांचा आशीर्वाद घ्यायला तो टेकडी चढून आला होता. सल्ला हवा असता तर आधी छापून कशाला आणलं असतं?

सर आता टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात राहायचे. घराण्याची पूजा होतीच, बायको गेल्यावर खाली घरात मन लागेना, म्हणून वळकटी घेऊन वर आले ते आलेच. ओवरीत एक खाट, एक स्टोव्ह, पाण्याचा तांब्या. समोर सगळा माळ. थंडीत माळावरचं गवत वाळून पिवळं पडायचं आणि वाऱ्याबरोबर थेट ओवरीत शिरायचं. सर रोज झाडायचे, ते रोज यायचं.

आणि माळावरचा खेळ सरांचाच होता.

त्यांनी तो सुरू केला तेव्हा विश्वजित आठवीत होता. खेळाला सगळे नुसतं 'राज्य' म्हणायचे. दिवाळीनंतर सुगी उरकली की दोन दिवस माळावर जायचं. कुणी राजा व्हायचं, कुणी हेर, कुणी व्यापारी, कुणी बंडखोर. एकदा सोंग घेतलं की दोन दिवस त्याच नावानं बोलायचं, त्याच नावानं भांडायचं, आणि वेळ आलीच तर त्याच नावानं मरायचं. गोष्ट आधी कुणी लिहिलेली नसायची. ती खेळता खेळता व्हायची. शहरांकडं अलीकडं असले खेळ निघालेत आणि त्यांना लार्प म्हणतात, हे इंटरनेटवर कळलं तेव्हा विश्वजितची छाती फुगली होती. त्यानं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "असंल."

आताही ते तसेच पान उलटत होते.

"प्रत्येकाला सुरुवातीला ठरावीक जीव द्यायचे, सर," विश्वजित समजावून सांगू लागला. "तलवार बसली की इतके गेले, भाला बसला की इतके. पंच शिट्टी मारणार. पंचानं पाहिलं नसेल तर फासा टाकायचा."

"आन् कुनाला फितवायचं असंल तर?"

"त्यालाही फासा. ज्याची वाणी जास्त, त्याला जादा गुण."

"वानी म्हंजे?"

"म्हणजे... बोलण्याची ताकद. ती खेळाआधीच ठरवून टाकायची."

"मग बोलायचं कशाला?"

"बोलायचं ना, सर. पण निकाल फाशाचा."

"आन् रानी रुसली तर?"

विश्वजितनं पानं चाळली. रुसव्याची सोय होती. त्यानं बोट ठेवून दाखवली.

सरांनी ती लक्षपूर्वक वाचली. चेहरा असा, की थट्टा करताहेत की खरंच वाचताहेत ते कुणाला कळू नये.

"हितं मांडी कुठल्या पानावर हाय?"

विश्वजितचं बोट थांबलं.

"मांडी... नाही, सर. ती मागंच काढली. तुम्ही वर राहायला आलात, त्यानंतर."

"का रं?"

"वेळ फार जायचा."

मांडी हा सरांचा नियम. सरांचे नियम मुळात फार नव्हतेच. लागलं का नाही, ते ज्याला लागलं तो सांगणार. लागलं तर तो पडणार. आणि ज्यानं पाडलं, त्यानं जागच्या जागी बसून पडलेल्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, त्याला पाणी पाजायचं आणि विचारायचं, 'निरोप?' पडलेला जो निरोप सांगेल, तो त्याच्या माणसांना पोचवायचा. तोवर पडलेल्यानं उठायचं नाही आणि पाडणाऱ्यानंही हलायचं नाही. भले तिकडं राजा पळून जावो.

"लांबून लांबून लोक यायला लागले, सर," विश्वजित म्हणाला. "ऐन रंगात आलेली लढाई, आणि निम्मे गडी एकमेकांची डोकी मांडीवर घेऊन बसलेले. एकेकाचे निरोप तरी केवढे! एकानं तर अख्खा पोवाडा म्हटला."

"म्हटला खरा." सर हसले. "चांगला म्हटला हुता."

विश्वजितलाही हसू आलं. तो पोवाडा त्याच्याच मांडीवर झाला होता. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी गडी मरेना.

काय दिवस होते ते! बायकांच्या जुन्या लुगड्यांचे झेंडे. बुटांच्या खोक्यांचे मुकुट. आणि तलवारी इलियासच्या घरच्या. इलियास नदाफचे वडील गाद्या भरायचे. उरलेला कापूस वेताच्या काठीभोवती गुंडाळून, वर मांजरपाटाची खोळ शिवून ते पोरांना तलवारी करून द्यायचे. अंगावर बसली तर उशी फेकून मारल्यासारखं वाटायचं. खेळ संपला तरी केसांत कापूस असायचा, आणि घरी गेल्यावर आया विचारायच्या, कुठल्या गिरणीत कामाला होतास म्हणून.

"इल्यास येनार हाय का यंदा?" सरांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"त्याच्यामुळंच तर हे सगळं लिहायला लागलं, सर."

आणि मग विश्वजितनं गेल्या वर्षीचं सांगितलं. इतका वेळ ते त्याच्या ओठांवर येऊन थांबलेलं होतं.

"मी सेनापती होतो. इलियास बंडखोर. दुपारची वेळ. मी धावत आलो, त्याच्या खांद्यावर सपकन वार केला आणि तसाच निशाणाकडं सुटलो. निशाण काढलं, त्यांच्या चौकीवर आपली माणसं बसवली, मग परत आलो. बघतो तर हा बाभळीजवळ उभा! चांगला सरळ उभा. माझा वार बसला होता, सर. हाताला कळतं."

"मग?"

"मग मी बोललो. सगळ्यांदेखत. लबाड म्हणालो त्याला. लागलं तरी उभा राहतोस, खोटं खेळतोस म्हणालो."

"त्यो काय म्हनाला?"

"काही नाही. तलवार खाली ठेवली आणि टेकडी उतरून गेला. तेव्हापासून त्याच्या दुकानावरून गेलो तरी मान वर करत नाही. त्याच्या आळीतली पोरंही आता येत नाहीत म्हणतात. आणि ती आळी नाही म्हणजे निम्मा खेळ नाही." त्याचा आवाज जरा चढला. "म्हणून हे पंच, म्हणून हे फासे. म्हणजे कुणाला खोटं बोलायची सोयच राहायला नको. तुम्ही नुसतं बरं म्हणा, सर. तुम्ही बरं म्हणालात की सगळे येतील."

यंदा खेळ मोडला तर तो पुन्हा उभा राहायचा नाही, हे विश्वजितला कळत होतं. पण खरं दुःख त्याहून निराळं होतं. त्याला इलियासवाचून करमत नव्हतं. वर्ष झालं, गावात काही गमतीचं घडलं की तो सांगायला त्या गादीच्या दुकानाकडं वळायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा. हे मात्र त्यानं सरांना सांगितलं नाही.

सर उठले. गुडघे धरत धरत आत गेले आणि खाटेखालून काहीतरी ओढून घेऊन आले.

तलवार होती. जुनी, कापसाची. खोळ पिवळी पडलेली, टोकाला शिवण उसवून कापूस बाहेर आलेला.

विश्वजितनं ती हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. तिला अजून त्या दुकानाचा वास होता. कापूस, धूळ आणि थोडंसं रॉकेल. आता त्यानं सगळ्यांसाठी फोमच्या तलवारी मागवल्या होत्या. दिसायला अगदी खऱ्या, चंदेरी पात्याच्या. त्यांना कसलाच वास नव्हता.

"मार," सर म्हणाले.

"काय?"

"मला मार म्हनतोय. बघू तुझा वार."

"सर, तुमचं वय..."

"कापूस हाय रं त्यो. मार."

विश्वजितनं इकडंतिकडं बघितलं. देवळात कुणी नव्हतं. नंदी होता, पण तो काही कुणाला सांगणार नव्हता. त्यानं ओशाळत तलवार वर उचलली. सरांच्या खांद्यापासून चांगली हातभर लांब.

ती खाली आलीच नाही.

तेवढ्यात सर पडले.

पडले म्हणजे, त्यांच्या वयाला जमेल तसे पडले. आधी ओवरीचा खांब धरला. मग एक गुडघा टेकला. मग दुसरा. मग कण्हत कुशीवर झाले, कुशीवरून उताणे झाले. खाली फरशीवर नियमांचं पुस्तक पडलं होतं, ते हातानं ओढून डोक्याखाली घेतलं. चांगलं जाड होतं, उशीला बरं पडलं. आणि डोळे मिटले.

"सर!"

...

"सर, अहो लागलंच नाही! मी मारलंच नाही अजून!"

...

"सर, फरशी गार आहे. उठा."

सर उठले नाहीत. बोललेही नाहीत. एकदा पडला की निरोप विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हेही त्यांचंच होतं.

विश्वजित तलवार घेऊन उभा राहिला. वाऱ्यानं घंटेचा दोर हलत होता. माळावरून गवताची काडी काडी आत येत होती आणि सरांच्या धोतराला चिकटत होती. एक कावळा कठड्यावर येऊन बसला, त्यानं पडलेल्या माणसाकडं बघितलं, मग उभ्याकडं बघितलं, आणि त्याचं काही समाधान झालं नसावं, कारण तो हलेना.

अशा वेळी काय करायचं ते विश्वजितनं कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी पुस्तक सरांच्या डोक्याखाली होतं.

माणूस म्हातारा. गुडघ्यांनी गेलेला. खरंच काही झालं तर? त्यानं वाकून नाकापाशी हात धरला.

श्वास चालू होता. चहाचा वास येत होता.

तो हळूच खाली बसला. तलवार बाजूला ठेवली. पुस्तक काढून घेतलं, सरांचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर घेतलं.

डोकं इतकं हलकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. लहानपणी कवायतीत या डोक्यावरची टोपी दिसली की तो धावत रांगेत जायचा.

किती दिवसांनी तो असा बसला होता! पहिल्यांदा बसला होता तो इलियासचं डोकं घेऊन. दोघंही आठवीत. त्यानं वार केला आणि इलियास असा काही पडला, असा काही पडला, की सगळा माळ लढाई सोडून बघत राहिला. दोनदा गोल फिरला, हात आभाळाकडं केले, बाभळीला मिठी मारली आणि मग सावकाश घसरत खाली आला. विश्वजितला भीतीच वाटली. त्यानं गडबडीत पाणी पाजलं, अर्धं नाकात गेलं, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, 'निरोप?'

इलियास डोळे मिटूनच म्हणाला होता, 'माझ्या अम्मीला सांगा, सरदार... आज भाकऱ्या जास्त टाक. मला ज्यानं मारलं, तो जेवायला येतोय.'

आणि निरोप म्हणजे निरोप. विश्वजित पुठ्ठ्याचा मुकुट घालूनच त्या घरी गेला, उंबऱ्यात उभा राहून त्यानं तो खड्या आवाजात सांगितला, आणि इलियासच्या अम्मीनं पदर तोंडाला लावून हसू दाबत त्याला आत बोलावलं. त्या रात्री तो तिथंच जेवला. मग जेवतच राहिला, वर्षानुवर्षं.

विश्वजितचे डोळे भरून आले. त्यानं तांब्या ओढला, ओंजळभर पाणी घेतलं आणि सरांच्या ओठांना लावलं. सर प्यायले.

डोकं नीट घ्यावं म्हणून त्यानं एक हात सरांच्या खांद्यांखाली घातला, आणि तळव्याला काहीतरी टोचलं.

कुसळ.

सरांच्या स्वेटरच्या पाठीला वाळल्या गवताची कुसळं लागली होती. फरशीवर वाऱ्यानं आणलेली, पडताना लोकरीत घुसलेली. तो ती एक एक करून उपटू लागला. स्वेटरातलं कुसळ ओढलं की लोकर सुटते, म्हणून सावकाश, नखानं.

उपटता उपटता त्याचा हात थांबला.

इलियासची पाठ त्याच्या डोळ्यांपुढं आली. गेल्या वर्षी टेकडी उतरून जाणारी. सगळे बघत होते, तोही बघत होता, अजून तोंडातून लबाड लबाड चालूच होतं. आणि त्या पाठीवर, मानेपासून कंबरेपर्यंत, कुसळं होती. केसांत तांबडी माती होती. सगळी पाठ भरून गेली होती. त्यानं ते तेव्हा बघितलं होतं. स्वच्छ बघितलं होतं, आणि त्याच्या काही डोक्यात आलं नव्हतं.

उभ्या माणसाच्या पाठीला कुसळं लागत नाहीत.

तो पडला होता. वार बसला तसा पडला होता, आणि जुन्या सवयीनं डोळे मिटून पडून राहिला होता. दुपारच्या उन्हात. कुणीतरी येईल, डोकं उचलेल, पाणी देईल, निरोप विचारेल म्हणून. मांडीचा नियम काढून टाकलाय, हे काय त्याला माहीत नव्हतं? माहीत होतंच. पण वार विश्वजितचा होता. विश्वजित येईल असं त्याला वाटलं असणार.

आणि विश्वजित निशाणाकडं गेला होता.

मग कधीतरी तो एकटाच उठला असेल.

"सर..." विश्वजित त्यांच्यावर वाकून म्हणाला. "सर, तो पडला होता."

सर डोळे मिटून होते.

"मी लबाड म्हणालो त्याला. आणि तो काही बोलला नाही, सर. एक शब्द बोलला नाही. पाठ दाखवली असती नुसती, तरी..."

सरांच्या कपाळावर एक थेंब पडला, तो त्यानं घाईघाईनं बाहीनं पुसला. कठड्यावरचा कावळा एव्हाना उडून गेला होता. खालून, गावातून, कुणाच्या तरी गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता.

मग विश्वजितला आठवलं की विचारायचं राहिलंय.

"निरोप?"

सर काही बोलले नाहीत.

"निरोप, सर?"

फरशी खरोखरच गार होती. विश्वजितनं नाक ओढलं, एक हात सरांच्या पाठीखाली घातला आणि दुसरा त्यांच्यापुढं धरला.

"उठा, सर. मी धरतो. चला, उठा आता."

तेव्हा सरांनी डोळे उघडले. पुढं आलेला हात त्यांनी हळूच बाजूला सारला.

"मला उठायला खांब हाय, विशू... इल्यास अजून माळावर पडलाय."